विरोधी बाजूची वीस मिनिटं

ओबेड व्हिटकम ज्या मतापायी तुरुंगात गेले, ते मत त्यांचं नव्हतंच. गावात हे मला एकटीला पक्कं ठाऊक होतं. कोर्टात मला शपथेवर विचारलं गेलं आणि मी सांगितलं नाही. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला येऊन पोचले आहे. देशाचं आणखी एक युद्ध चालू आहे, आणि त्यावरून नातवंडं जेवणाच्या टेबलावर हमरीतुमरीवर येतात. मी त्यांना थांबवत नाही. फक्त एकेकाने बोला म्हणते. ती सवय मला ओबेडनी लावली.

ओबेड जिनगर होते. मोंटानाच्या पूर्वेला, जिथे डोंगर संपतात आणि नुसता गहू नि वारा उरतो, तिथे आमचं कोल्टर्स बेंड. स्टेशनासमोर त्यांचं दुकान. घोड्यांची खोगिरं, लगाम, पट्टे, सगळं तिथे शिवून मिळे. सतरा वर्षांचे असताना ते गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धात लढले होते आणि डाव्या पायात शिशाचा तुकडा घेऊन परत आले होते. बायको वारलेली. नातू वॉल्टर स्वतःहून फौजेत भरती होऊन फ्रान्सला गेलेला. आणि त्यांनीच पंचवीस वर्षांपूर्वी गावात वादसभा सुरू केली होती.

महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, चर्च आटोपून जेवणं झाली की आम्ही सगळे सभेच्या लाकडी घरात जमत असू. ते घरही लोकांनीच वर्गणी करून, स्वतः खिळे ठोकून बांधलेलं. एक प्रश्न, दोन बाजू, प्रत्येक बाजूला वीस मिनिटं. दारूबंदी हवी का, बायकांना मत हवं का, रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी का. लोक वीस-वीस मैलांवरून घोडागाडीने येत. अध्यक्ष ओबेड. त्यांचा एक नियम असा की बोलणाऱ्याचं खरं मत काय, हे कुणी विचारायचं नाही. "मुद्दा खोडा," ते म्हणत, "माणूस खोडायला बाहेर अंगण मोकळं आहे."

मी थोरा एनरुड, सभेची सचिव. बावीस वर्षांची होते. पोटापाण्याचं काम टेलिफोनचं. गावातल्या आणि शेतांवरच्या बेचाळीस घरांच्या तारा माझ्या खोलीत येत. कंपनी शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली. तारा पाच, एकेकीवर आठ-दहा घरं. एकाची घंटा वाजली की बाकीचे हळूच रिसीव्हर उचलून ऐकत बसत. आमच्याकडे याला कुणी चोरी म्हणत नसे. शेजार म्हणत.

१९१८ च्या फेब्रुवारीत राज्याने कायदा केला. युद्ध चालू असताना सरकारबद्दल, फौजेबद्दल, झेंड्याबद्दल वावगं बोलणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत कैद. मग आमच्या काउंटीची संरक्षण समिती झाली, आणि तिचा प्रमुख झाला लायमन हॅडली.

लायमन औषधांच्या दुकानाचा मालक. चाळिशी उलटलेला, नीटनेटका, कॉलर कायम कडक. वादसभेतला आमचा सगळ्यात चांगला वक्ता तोच. चौदा वर्षांचा असताना तोतरं बोलत असे म्हणे. ओबेडनी त्याला दुकानात उभं करून, चामडं शिवता शिवता, भाषण करायला शिकवलं होतं. त्याचा एकुलता एक मुलगा रॉय खंदकात होता. पत्र यायला चार दिवस उशीर झाला की लायमन पोस्टातून माझ्या खोलीत येऊन बसे आणि काही न बोलता उठून जाई. मी त्याला वाईट माणूस कधीच म्हटलं नाही. आजही म्हणत नाही.

पण समितीचा प्रमुख झाल्यावर तो एक दिवस कागद-पेन्सिल घेऊनच आला.

"थोरा, फोनवर जर्मन कोण कोण बोलतं, त्यांची नावं लिहून ठेवत जा."

"मला जर्मन येत नाही, मिस्टर हॅडली. माझ्या घरी नॉर्वेजियन बोलतात."

"त्याने काय बिघडतं? परकं वाटलं की लिही."

"मग पहिलं नाव माझ्या आईचं लिहू?"

कागद तिथेच ठेवून तो गेला. त्या कागदात मी मक्याचा पाव बांधला. गव्हाच्या राशींमध्ये बसून आम्ही त्या वर्षी मक्याचा पाव खात होतो, कारण गहू फौजेला जाई. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

एप्रिलच्या सभेचा प्रश्न जानेवारीतच ठरला होता: फौजेत सक्तीने भरती करणं योग्य आहे का? योग्य म्हणणारा लायमन. विरोधी बाजूला निल्स त्वेइत नावाचा शेतकरी. निल्स मोठा धिप्पाड, बोलायला संथ, पण त्याचं मत खरोखरच तसं होतं आणि ते त्याने लपवलंही नव्हतं. सभेच्या आठवडाभर आधी त्याच्या कोठारावर कुणीतरी पिवळा रंग फासला. भ्याडाचा रंग. दारापासून छपरापर्यंत. निल्सच्या बायकोने मला फोन करून सांगितलं, "तो येणार नाही. मी येऊ देणार नाही. पोरं लहान आहेत." मागून निल्सचा आवाज आला, "माफी माग माझ्याकडून." तारेवर बाकीचे नऊ जण श्वास रोखून ऐकत होते. 

लायमनने समितीची चिठ्ठी पाठवली. सभा भरवायला हरकत नाही, मात्र बाजू एकच मांडली जाईल.

शनिवारी दुपारी ओबेड काठी टेकत माझ्या खोलीत आले. वॉल्टरचं पत्र आलं होतं, ते त्यांनी मला वाचायला दिलं, कारण डोळे अधू झाले होते. पत्र ऐकून झाल्यावर त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं.

"सक्ती करावीच लागते, पोरी," ते म्हणाले. "नुसतं हौशी पोरांवर युद्ध सोडलं तर गरीब आणि भोळे तेवढे मरतात. सगळ्यांची नावं एकाच टोपीत टाका, सावकाराच्या पोराचंसुद्धा. माझं मत असं आहे. पण कुणाजवळ बोलू नकोस. अध्यक्षाला मत नसतं."

"मग उद्या काय करायचं? निल्स येत नाहीये."

"बघू," म्हणाले. "रिकामी खुर्ची ठेवली तरी वीस मिनिटं तिचीच."

रविवारी सभागृह एवढं भरलं होतं की माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती. समितीचे तिघे पहिल्या बाकावर. लायमन उभा राहिला आणि वीस मिनिटं बोलला. चांगला बोलला असं मला म्हणता येत नाही. टाळ्या खूप पडल्या. पण समोर कुणी उत्तर देणारच नाही हे माहीत असलं की माणसाचं बोलणं सैल पडतं. तो खाली बसला आणि लोक टोप्या शोधायला लागले.

"बसा," ओबेड म्हणाले. "विरोधी बाजू बाकी आहे."

"ओबेड, चिठ्ठी पोचली ना तुम्हाला?" लायमनने हसतच विचारलं.

"पोचली. पाठकोरी होती, मी तिच्यावर खोगिराची मापं लिहिली." लोक हसले, पण घाबरत हसले. "पंचवीस वर्षांत या घरात एकाच बाजूने बोलून कुणी घरी गेलेलं नाही. आहे का कुणी बोलणारं?"

कुणी हललं नाही. मी घड्याळ बघत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाहेर घोडे खूर आपटत होते. एका बाईने पोराच्या तोंडावर हात ठेवला होता. तिसऱ्या मिनिटाला ओबेडनी काठी उचलली, अध्यक्षाची खुर्ची सोडली आणि विरोधी बाजूच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले.

"थोरा, अध्यक्षपद तू घे. माझी सतरा मिनिटं उरली आहेत, बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. 

आणि ते बोलले. त्यांच्या तंबूत शेवटच्या वर्षी सक्तीने आणलेला एक माणूस होता, त्याची गोष्ट सांगितली. तो रोज आपल्या गाईंची नावं घेई, कारण दूध काढायला घरी कुणी नव्हतं. पहिल्याच चकमकीत गेला. त्याला पुरताना लक्षात आलं की त्याच्या गाईंची नावं सगळ्यांना पाठ होती, त्याचं स्वतःचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. "त्याला कुणी विचारलं असतं," ओबेड म्हणाले, "तर कदाचित तो हो म्हणाला असता. वाईट माणूस नव्हता. पण विचारलं नाही. सक्तीने उभा केलेला शिपाई हा शिपाई नव्हे, हातात बंदूक दिलेला कैदी आहे. ज्या सरकारला आपल्या माणसांना विचारायची भीती वाटते, त्याने दुसऱ्या देशांना स्वातंत्र्य शिकवू नये. आणि ज्या म्हाताऱ्यांना हे युद्ध इतकं प्यारं आहे त्यांनी वयाची सबब सांगू नये. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, लंगडा आहे. मला न्या. बंदूक अजून साफ करता येते मला."

मी झरझर लिहीत होते. एकही वाक्य सोडलं नाही. सतरा मिनिटं झाली तेव्हा मी टेबलावर थाप मारली आणि ते वाक्य अर्धं सोडून खाली बसले. वेळेच्या बाबतीत ते स्वतःलाही सूट देत नसत.

टाळ्या पडल्या नाहीत. पण कुणी उठलंही नाही. मग मागच्या बाकावरून एक म्हातारी शेतकरीण स्पष्ट आवाजात म्हणाली, "आता कसं, सभा झाल्यासारखी वाटली."

मंगळवारी सकाळी शेरीफ आला आणि त्यांना दुकानातून घेऊन गेला. तक्रारीवर पहिली सही लायमनची होती. सभागृहाला समितीने कुलूप ठोकलं.

काउंटीच्या कोठडीत मी त्यांना रोज जेवण नेऊन देत असे. सरकारी वकील मोठा चतुर माणूस होता. एकाहत्तर वर्षांच्या लंगड्या शिपायाला तुरुंगात घालणं त्यालाही जड जात होतं. एक दिवस तो माझ्यासमोरच कागद घेऊन आला.

"मिस्टर व्हिटकम, एवढीच एक ओळ आहे. 'मी बोललो ते माझं मत नव्हतं, केवळ वादापुरतं होतं.' सही करा, थोडा दंड भरा, आज संध्याकाळी घरी जा."

ओबेडनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि परत दिला.

"सही नाही करणार."

"का? खरंच ते तुमचं मत आहे?"

"हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आज मी 'ते माझं मत नव्हतं' म्हणून सुटलो, तर उद्या ज्याचं ते मत खरोखर असेल त्याने काय म्हणून सुटायचं?"

वकील गेल्यावर मी रडकुंडीला आले. "पण तुमचं मत तसं नाहीच आहे! मला तुम्ही स्वतः सांगितलंत!"

त्यांनी गजांतून माझं मनगट धरलं. हाताला चामड्याचा वास येत होता. "थोरा, ते मी तुला दिलेलं आहे. कोर्टाला दिलेलं नाही. कुणीही विचारलं तरी सांगायचं नाही. माझ्या वकिलाने विचारलं तरी नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. बावीस वर्षांची होते. शब्दाचं वजन पुढे कळतं.

खटला जूनमध्ये उभा राहिला. बचावाचा वकील डेनिस क्विल नावाचा आयरिश माणूस, शेजारच्या गावचा. शर्टावर कायम कॉफीचे डाग, पण धीट. माझ्या वहीवरच सगळा खटला उभा होता, म्हणून सरकारने मलाच साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलाने वहीत तीन वाक्यांखाली लाल रेघा मारून ठेवल्या होत्या.

"मिस एनरुड, ही तीन वाक्यं ज्युरीला वाचून दाखवा."

"वहीचा तुकडा वाचता येत नाही, सर. सभेचा नियम आहे. दोन्ही बाजू वाचाव्या लागतात."

"इथे सभेचे नियम चालत नाहीत."

क्विल उठून उभा राहिला. "पुरावा म्हणून वही तुम्ही आणलीत ना? मग माझ्या अशिलाचा हक्क आहे, वही सगळी वाचली जाऊ दे." न्यायाधीश कंटाळलेले होते, उकाडा मरणाचा होता. ते म्हणाले, "वाचा, पण लवकर आटपा."

मी लवकर आटपलं नाही. आधी लायमनचं भाषण वाचलं. तो स्वतः तिथे बसला होता, आणि स्वतःचीच वाक्यं माझ्या तोंडून ऐकताना खाली बघत होता. मग ओबेडचं. गाईंच्या नावांसकट. ज्या बोलण्यावर बंदी होती ते मी भर कोर्टात, बारा ज्युरींसमोर, खिडक्यांत दाटलेल्या लोकांसमोर मोठ्याने वाचत होते आणि कोर्टाचा कारकून ते एकेक अक्षर सरकारी कागदावर उतरवून घेत होता. ओबेड डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी मान हलवली, जणू हे याहून नीट मांडता आलं असतं.

मग क्विल पुढे आला. त्याला कुठून तरी कुणकुण लागली होती.

"मिस एनरुड, सभेच्या आदल्या दिवशी मिस्टर व्हिटकम तुमच्याकडे आले होते?"

"हो."

"सक्तीच्या भरतीबद्दल त्यांचं स्वतःचं मत काय, ते तुम्हाला माहीत आहे?"

 सरकारी वकीलही पुढे झुकला. एक वाक्य बोलले असते तर खटला तिथेच ढासळला असता. मी ओबेडकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, खुणावलं नाही, काही नाही. फक्त बघत राहिले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग सांगा."

"सांगणार नाही."

क्विलचा चेहरा उतरला. न्यायाधीश ताडकन सरळ झाले. "तुम्ही शपथेवर आहात, मिस! नकार दिलात तर कोर्टाचा अवमान होईल."

"होऊ दे, साहेब. ते मत त्यांचं आहे. त्यांनी काय मानावं यावर हा खटला असेल, तर मी त्यात एक शब्दही घालणार नाही. ते काय बोलले ते मी अक्षर न् अक्षर वाचलं आहे."

मला तीन दिवसांची कोठडी झाली. ओबेडना एक ते तीन वर्षं. ज्युरीला चाळीस मिनिटं लागली. क्विलने वरच्या कोर्टात अपील लावलं. निकाल ऐकताना ओबेड काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि न्यायाधीशांनी 'काही म्हणायचं आहे का' विचारलं तेव्हा म्हणाले, "आहे. माझी तीन मिनिटं वाया गेली त्या दिवशी. सुरुवातीलाच उठायला हवं होतं."

त्यांना राज्याच्या तुरुंगात नेलं. दुकान बंद पडलं. कोठडीतून सुटून मी कामावर गेले तर वाटलं, आता काढून टाकतील. पण कंपनी शेतकऱ्यांची, आणि त्या खुंट्या-तारांचं जंजाळ माझ्याशिवाय कुणाला कळतही नव्हतं. एक-दोघांनी मला बघून रस्ता ओलांडला. मीही ओलांडू दिला.

ऑक्टोबरमध्ये जगभर पसरलेला तो भयंकर फ्लूचा ताप आमच्याकडे आला. शाळा बंद, चर्च बंद, माणसं घराघरांत कोंडलेली. दिवसभर फोन खणखणत. कुणाला औषध हवं, कुणाला शवपेटी. लायमन दोन-दोन दिवस न झोपता पुड्या बांधत होता. मी डॉक्टरचा निरोप दिला की स्वतः घोडी हाकून वीस मैल जाई. त्याच्याशी मी कामापुरतंच बोलत असे, पण त्या महिन्यात तो माणसासारखा वागला हे मी लिहून ठेवते.

ताप ओसरायला लागला आणि नोव्हेंबरच्या एका रविवारी दुपारी निल्स त्वेइतचा फोन आला. युद्ध थांबून आठवडा झाला होता. कायदा मात्र तसाच होता, कुलूपही तसंच होतं.

"थोरा," तो म्हणाला, "आज दुसरा रविवार ना?"

"तिसरा."

"तेच ते. सभेचा दिवस. मला बोलायचं आहे. जागा नाहीये."

मी समोर पाहिलं. पाच तारा, बेचाळीस घरं. जागा नव्हती असं कसं म्हणायचं? मी पाचही तारा एकत्र जोडल्या आणि सगळ्यांची घंटा एकदम वाजवली. आग लागली की वाजवतात तशी, लांबच लांब. रिसीव्हर उचलल्याचे आवाज येऊ लागले, खट, खट, खट. जितके जास्त उचलले जात तितका आवाज बारीक होई, म्हणून मला ओरडावं लागलं.

"आग नाही! वादसभा आहे! प्रश्न एप्रिलचाच. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी ठेवून द्या."

मी थांबले. कुणी ठेवला नाही.

"विरोधी बाजू," मी म्हटलं. "नाव सांगायची गरज नाही."

"सांगतो ना," दुसऱ्या टोकाहून आवाज आला. "मी निल्स त्वेइत. कोठार पिवळं आहे तोच. हे मत माझं आहे, आधीपासून माझंच होतं. त्या दिवशी मी घरी बसलो आणि म्हातारा माझ्या जागी गेला. आता माझी वीस मिनिटं."

तो बोलत होता, हळूहळू, अडखळत, मध्येच बायकोला "हळू बोलतोय का गं?" विचारत. सहाव्या मिनिटाला तारेवर एक ओळखीचा आवाज कडाडला.

"कोण बोलतंय? थोरा, ही लाइन बंद कर! ताबडतोब! मी समितीच्या वतीने सांगतोय!"

"मिस्टर हॅडली," मी म्हटलं, "मध्ये बोलायचं असेल तर हात वर करा."

"फोनवर हात?"

बेचाळीस घरं एकदम हसली. तारेवरून आलेलं तसं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. उंच-खोल, लहान-मोठं, खोकल्यासकट. सहा महिने त्या गावात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं.

"तुमची बाजू पुढची आहे," मी म्हटलं. "चौदा मिनिटांनी. तुम्हाला बोलायचं नसेल तर रिकामी सोडू. नाही तर रिसीव्हर ठेवा आणि शेरीफला फोन करा. पण तोही मलाच जोडून द्यावा लागेल, आणि शेरीफ आत्ता तिसऱ्या तारेवर ऐकतोय."

शेरीफ खाकरला. लायमनने रिसीव्हर आपटला. निल्सने वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

त्या हिवाळ्यात आम्ही सहा सभा फोनवर घेतल्या. मी प्रत्येकीची नोंद ठेवली. कुणाला अटक झाली नाही, कारण अटक करायची तर गावच उचलावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. ओबेड चौदा महिन्यांनी आगगाडीतून उतरले. पोशाख दोन माणसांचा वाटत होता, इतके वाळले होते. उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. वॉल्टर आधीच परतला होता. तो त्यांची पेटी घेऊन पुढे गेला आणि आम्ही दोघं हळूहळू चालत होतो. मला जे विचारायचं होतं ते मी डाव्या कानापाशी जाऊन विचारलं.

"माझा राग आला होता का? मी सांगून टाकलं असतं तर तुम्ही सुटला असता."

ते थांबले. "आला होता. हिवाळ्यात फार आला. भिंतीवर बर्फ साचायचं आतून. वाटायचं, पोरीने शब्द मोडला असता तर काय बिघडलं असतं." मग काठी पुढे टेकली. "पण मोडला असतास ना, तर आज तुझ्याशी बोललो नसतो. दोन्ही खरं आहे. त्याचं काय करायचं ते मलाही कळत नाही."

फोनवरच्या सभांची वही मी त्यांना दाखवली. त्यांनी ती वॉल्टरकडून तीन दिवस वाचून घेतली आणि मला बोलावून एवढंच म्हणाले, "जानेवारीत त्वेइतला तेवीस मिनिटं दिलीस."

"बर्फात तार तुटली होती मध्ये."

"मग ठीक."

रविवारी चर्च सुटल्यावर ते मोठी हातोडी घेऊन सभागृहाकडे निघाले. मी, निल्स, वॉल्टर, मग दहा, मग तीसेक माणसं मागे. किल्ली मागायला कुणी गेलं नाही. वॉल्टर म्हणाला, "आजोबा, मला द्या, मी फोडतो." त्यांनी दिली नाही. चार घाव कडीवर बसले, पाचवा लाकडावर, सहाव्याला कुलूप गळून पडलं. आत दीड वर्षाची धूळ, मेलेल्या गांधीलमाश्या आणि खिडकीची एक काच फुटलेली. बायकांनी रुमालांनी बाकं पुसली.

सगळे बसले तरी दार उघडंच होतं. दारात लायमन उभा होता. रॉय घरी आला होता, पण विषारी वायूने छाती गेलेली. दहा पावलं चालला की धापा टाकायचा. लायमनचे केस त्या वर्षात पांढरे झाले होते. तो ओबेडकडे बघत होता. 

"लायमन," ओबेड अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणाले, "आत ये नाही तर बाहेर जा. वारा येतोय."

तो आत आला. शेवटच्या बाकावर बसला, टोपीही काढली नाही. त्या दिवशी बोलला नाही. माफी त्याने त्या दिवशी मागितली नाही आणि नंतरही कधी नाही. पुढच्या महिन्यात मात्र त्याने नाव दिलं, विरोधी बाजूला, आणि उभा राहिल्यावर पहिली दोन मिनिटं लहानपणीसारखा तोतरा बोलला. कुणी हसलं नाही. विसाव्या मिनिटाला मी टेबलावर थाप मारली.

बाहेर पडताना मी ओबेडना विचारलं, "कसा बोलला?"

"बरा," ते म्हणाले. "मी त्याला याहून चांगलं शिकवलं होतं."